सामू आणि अल्कता : खाऱ्या पाण्याचे दोन निराळे हिशेब

खारभूमीवर कोळंबीचीं तळीं करणाऱ्या आपल्या सभासद बंधूंकडून अलीकडे एकच प्रश्न वारंवार येतो. "तळ्याचा सामू उतरला आहे, एकरीं चुना किती टाकावा?" प्रश्न साधा दिसतो, परंतु तो अर्धाच आहे; आणि अर्ध्या प्रश्नाचें पुरतें उत्तर देणारे विक्रेते बाजारांत पुष्कळ असल्यामुळें ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें मनांत आणिलें. प्रस्तुत लेखक रसायनशास्त्री नव्हे. मराठी शाळेंत सातवीपर्यंत शिकून महसूल खात्यांत कारकुनी केली, दुसऱ्यांच्या जमिनींचे आकडे आयुष्यभर लिहिले, व निवृत्तीनंतर वडिलोपार्जित खारांत एक तळें बांधलें, एवढीच माझी पात्रता. जें खालीं लिहिलें आहे तें एका बुडालेल्या पिकानें शिकविलें आहे.

माझें तळें ३० गुंठ्यांचें असून पाणी चार फूट राहतें, म्हणजे सुमारें ३७ लक्ष लिटर. त्या वर्षीं श्रावणांत बीज सोडलें. भाद्रपदांत आठ दिवस झड लागली. पाऊस ओसरल्यावर एके सकाळीं सामू मोजला तो ७.४ निघाला. पुस्तकांत साडेसात ते साडेआठ असावा असें वाचलें होतें, म्हणून मनांत धास्ती बसली. औषधें विकणाऱ्या एका गृहस्थांनीं बांधावर उभ्याउभ्याच ४० किलो कळीचा चुना टाकण्यास सांगितलें. पाण्याची अल्कता किती हें त्यांनीं विचारलें नाहीं. मलाहि तो शब्द ठाऊक नव्हता. चुना पडला. त्याच दिवशीं दुपारीं सामू ९.३ झाला. दुसऱ्या दिवशीं कोळंबीनें खाद्याच्या चाळणीस तोंड लाविलें नाहीं, व तिसऱ्या दिवसापासून काठाला मऊ कवचाची मेलेली कोळंबी दिसूं लागली. तळ्यासाठीं भाताचे दोन तुकडे गहाण ठेवून कर्ज काढिलें होतें. पीक अपेक्षेच्या निम्म्याच्या थोडें वर हातीं आलें, आणि त्यांतील एक तुकडा सोडविण्यास पुढें तीन वर्षें लागलीं.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. सामू म्हणजे पाणी ह्या घटकेला किती आंबट किंवा किती अल्क आहे तें सांगणारा आंकडा. हें माप डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांतील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सन नांवाच्या शास्त्रज्ञानें १९०९ सालीं बसविलें. ७ हा मध्य. त्याखालीं आम्ल, वर अल्क. ह्या मापाची खोंच अशी कीं, एका अंकाचा फरक म्हणजे दसपट फरक. ७.४ वरून ९.४ वर जाणें म्हणजे दोन पायऱ्या चढणें नव्हे, शंभरपट बदल होय. समुद्राच्या वरच्या थराचा सामू सध्यां ८.१ च्या आसपास असतो.

अल्कता ही वस्तु निराळी. पाण्यांत आम्ल ओतीत गेलें असतां तें किती आम्ल पचवून घेईल, ह्या शक्तीस अल्कता म्हणतात. बाटल्यांवर तिला अल्कलिनिटी असें लिहिलेलें असतें. पाण्याचा खारटपणा व अल्कता ह्यांची गल्लत करूं नये. खारटपणा मुख्यतः मिठाचा. अल्कता मुख्यतः पाण्यांत विरघळलेल्या बायकार्बोनेट व कार्बोनेट ह्यांची. ती चुनखडीच्या हिशेबानें दर लिटरास अमुक मिलिग्रॅम अशी सांगतात. खुल्या समुद्राच्या पाण्याची अल्कता साधारणपणें ११५ ते १२० असते. कोळंबीच्या तळ्यांत ती शंभराच्या वर असावी असें सर्वसाधारण मत आहे. तीहून फार खालीं गेल्यास कात टाकलेल्या कोळंबीचें कवच लवकर कठीण होत नाहीं, आणि सामू दिवसांतून दोनदां खालींवर हेलकावे खातो.

आमच्या कचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर सामू ही आजच्या दिवसाची नोंद, आणि अल्कता ही खात्यावरील शिल्लक. शिल्लक भरपूर असेल तर एका दिवसाचा मोठा खर्च निभावून जातो. शिल्लक नसली कीं लहानशा खर्चानेंहि खातें उलटें होतें. माझ्या तळ्याची अल्कता पुढें मोजविली ती ६४ निघाली. पावसानें पाणी पातळ झालें होतें, कारण पावसाच्या पाण्यांत अल्कता जवळजवळ नसतेच. अशा रोडावलेल्या पाण्यांत ४० किलो कळीचा चुना पडल्यावर सामू उसळी मारील नाहींतर काय करील ?

मग सकाळचा ७.४ हा आंकडा कोठून आला ? इथेंच बहुतेकांची फसगत होते. आपल्या श्वासावाटे जो वायु बाहेर पडतो व सोडावॉटरच्या बाटलींत जो कोंडलेला असतो, तो कर्बाम्ल वायु, म्हणजे हल्लींच्या पुस्तकांतील कार्बन डायऑक्साइड, पाण्यांत मिसळला कीं पाणी थोडें आंबट होतें. रात्रीं तळ्यांतील कोळंबी, शेवाळ, तळाचा गाळ व त्यांतील सूक्ष्म जंतु सर्वच श्वास घेतात आणि हा वायु सोडतात. त्यामुळें पहांटे सामू सर्वांत खालीं असतो. सूर्य वर आला कीं शेवाळ तोच वायु खाऊं लागतें, व दुपारीं दोन ते चारच्या सुमारास सामू सर्वांत वर चढतो. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, ह्या सर्व चढउतारांत अल्कता जागची हलत नाहीं. वायु आला, सामू उतरला, वायु गेला, सामू चढला, शिल्लक तीच. ह्याचा फार मोठा दाखला म्हणजे खुद्द समुद्र. कोळसा व तेल जाळून हवेंत वाढलेला कर्बाम्ल वायु समुद्रानें शोषून घेतल्यामुळें यंत्रयुगाच्या प्रारंभापासून त्याचा सामू सुमारें ०.१ नें उतरला आहे, परंतु ह्या वायूच्या शोषणानें त्याची अल्कता कमी झालेली नाहीं.

ही गोष्ट मला तळ्यावर कळली नाहीं, ती मुंबईस भाच्याच्या घरीं कळली. त्याच्या दिवाणखान्यांत २०० लिटरची कांचेची टांकी असून तींत खाऱ्या पाण्यांतले पट्टेवाले नारिंगी मासे आहेत. (ज्या पाण्यांत स्वतःच्या खाण्याचा एकहि मासा नाहीं त्याचा एवढा खर्च कशासाठीं, हें मला अजून उमगलेलें नाहीं, पण तो निराळा विषय.) त्याच्या टांकीचा सामू सदा ७.७ असे. दुकानांतून सामू वाढविणारें एक पांढरें चूर्ण आणून तो रोज सकाळीं टाकी. तासाभरांत सामू ८.२ वर जाई, आणि दुसऱ्या सकाळीं पुन्हां खालीं. पंधरा दिवस हा उद्योग झाल्यावर सकाळचा सामू जेमतेम ७.९ झाला होता, मात्र अल्कता ११५ वरून २२० वर जाऊन पाणी फिरविणाऱ्या पंपावर चुनखडीचा पांढरा थर धरूं लागला होता. तें चूर्ण म्हणजे धुण्याचा सोडा, दुसरें कांहीं नव्हे.

दोष टांकींत नव्हताच. घर थंड करण्याच्या यंत्रासाठीं खिडक्या दिवसरात्र बंद. आंत चार माणसें. बाहेरच्या हवेंत कर्बाम्ल वायु दहा लक्ष भागांत सुमारें सवाचारशें भाग असतो; अशा कोंडलेल्या खोलींत तो हजारावर सहज जातो. टांकींतले बुडबुडे तीच हवा पाण्यांत मिसळीत होते. भाच्याच्या एका मित्रानें एक परीक्षा सुचविली. टांकींतलें पाणी पेलाभर घेऊन गॅलरींत नेलें आणि लहान पंपानें त्यांत तासभर बाहेरची हवा सोडली. पेल्यांतला सामू ८.३ च्या जवळ गेला. तसाच दुसरा पेला खोलींत ठेवून तासभर हवा दिली. तो होता तेथेंच राहिला. खिडकी उघडी ठेवणें एवढाच इलाज होता, व त्याला पैसा पडत नव्हता.

हीच परीक्षा तळ्यावर करतां येते, आणि ती प्रत्येकानें करावी. पहांटे तळ्याचें पाणी एका स्वच्छ बरणींत घ्यावें, सामू मोजावा, तासभर हवेचे बुडबुडे सोडावे, पुन्हां मोजावा. सामू चांगला चढला तर रात्रीच्या वायूचा दोष समजावा. तेथें चुना टाकण्याचें कारण नाहीं, रात्रीं एरेटरची चक्री अधिक वेळ फिरवावी. तिनें प्राणवायु तर मिळतोच, शिवाय कोंडलेला कर्बाम्ल वायु उडून जातो. भरपूर हवा देऊनहि सामू खालींच राहिला तर मात्र अल्कता कमी आहे असें जाणावें. मोकळ्या हवेशीं समतोल झालेल्या पाण्यांत अल्कता निम्मी झाली कीं सामू सुमारें ०.३ नें उतरतो, असा हिशेब आहे.

आतां अल्कता खरोखर कमी असली तर काय टाकावें ? येथें तीन पदार्थांचा स्वभाव ओळखला पाहिजे. खाण्याचा सोडा म्हणजे बायकार्बोनेट. त्यांत कर्बाम्ल वायूचा वांटा आधींच पुरेपूर भरलेला असतो, त्यामुळें तो पाण्यांत पडल्यावर शिल्लक वाढवितो, पण सामूला फारसा धक्का देत नाहीं. धुण्याच्या सोड्यांत हा वांटा निम्माच असतो. म्हणून तो पाण्यांतून उरलेला निम्मा ओढून घेतो आणि अल्कतेबरोबर सामूहि वर नेतो. चुन्यांत हा वांटा मुळींच नसतो. तो पाण्यांतला वायु हपापल्यासारखा ओढतो, आणि तेवढीच अल्कता वाढवितांना धुण्याच्या सोड्याच्या दुप्पट वायु खाऊन सामू सर्वांत जास्त चढवितो. चुन्याची निवळी उघडी ठेवली कीं वर पांढरी साय धरते हें पानपुड्याच्या घरांत सर्वांनीं पाहिलें आहे. ती साय म्हणजे हवेंतला वायु ओढून बनलेली चुनखडीच. समुद्री माशांच्या टांक्यांत हीच निवळी थेंबथेंब सोडण्याची रीत परदेशांत व आतां इकडेहि आहे. तिनें अल्कता व कॅल्शियम दोन्हीं मिळतात. पण थेंबथेंब, घमेल्यानें नव्हे. चांगल्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो.

खाण्याचा सोडा तव्यावर चांगला भाजला कीं त्यांतील वायु व पाण्याचा अंश निघून जाऊन धुण्याचा सोडा बनतो. ८४ ग्रॅमचे ५३ ग्रॅम राहतात. वजन घटलें तरी अल्कता देण्याची ताकद दोहोंची अगदीं सारखी. फरक सामूचा तेवढा. हा एक दाखला नीट ध्यानांत घेतला म्हणजे सामू व अल्कता हे दोन हिशेब निराळे कां, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

मापें अशीं : एक लक्ष लिटर पाण्याची अल्कता १० मिलिग्रॅमनें वाढविण्यास खाण्याचा सोडा १ किलो ६८० ग्रॅम, कोरडा धुण्याचा सोडा १ किलो ६० ग्रॅम, विरविलेला चुना ७४० ग्रॅम, किंवा कळीचा चुना ५६० ग्रॅम लागतो. हे आंकडे शुद्ध मालाचे आहेत. बाजारच्या चुन्यांत खडे, राख व अर्धकच्चा दगड किती असतो हें ज्यानें भट्टीचा चुना विरविला आहे त्यास सांगणें नको. चुना स्वस्त म्हणून हात तिकडेच जातो, आणि स्वस्ताईंतच धोका आहे. वाटलेली चुनखडी ही त्याहून सौम्य व निर्धोक. बीज सोडण्यापूर्वीं तळ सुकवून मातींत मिसळण्यास ती उत्तम. परंतु भरल्या खाऱ्या तळ्यांत, जेथें सामू आठाच्या वर आहे, तेथें ती बहुतेक विरघळतच नाहीं, तळाशीं जाऊन बसते. अशा वेळीं "चुनखडी टाकली पण गुण आला नाहीं" ही तक्रार खरी असते.

सोसेल त्यापेक्षां अधिक टाकलें तर निव्वळ सामू वाढून थांबत नाहीं. सामू फार चढला कीं पाण्यांतलें कॅल्शियम व कार्बोनेट एकत्र येऊन चुनखडी बनते व तळाशीं बसते. पाणी दुधाळ दिसतें. म्हणजे अल्कता वाढविण्यासाठीं टाकलेला चुना असलेली अल्कताच घेऊन बुडतो. भाच्याच्या पंपावरचा थर तो हाच.

कोळंबीला त्याहूनहि घातक गोष्ट अमोनियाची. खाद्य व विष्ठा ह्यांपासून तळ्यांत अमोनिया सतत बनत असतो. त्याचीं दोन रूपें आहेत. एक बरेंचसें निरुपद्रवी व दुसरें विषारी. कोणतें रूप किती, हें सामू ठरवितो. आपल्याकडच्या उबदार पाण्यांत, २८ अंशांच्या सुमारास, सामू ८ असतां शंभरांत सहासात भाग विषारी असतात, आणि ९ असतां चाळीसच्या घरांत जातात. खाऱ्या पाण्यांत हें प्रमाण गोड्या पाण्यापेक्षां किंचित कमी, एवढाच दिलासा. माझ्या तळ्यांत त्या दिवशीं नवें विष कोणी टाकलें नव्हतें. जें आधींच होतें त्याला चुन्यानें दांत दिले. उलट सामू फार उतरला तर तळाच्या काळ्या गाळांतून निघणारा, सडक्या अंड्याच्या वासाचा वायु अधिक विषारी होतो. तेव्हां उतरलेल्या सामूकडे दुर्लक्ष करावें असें माझें म्हणणें नाहीं.

शिल्लक खर्च कशानें होते तेंहि पाहिलें पाहिजे. पावसाचें वर आलेंच. कोळंबी कवचासाठीं ती घेते. तळ्यांतील उपकारक जंतु अमोनियाचें नायट्रेट करितात तेव्हां अमोनियांतील नायट्रोजनाच्या प्रत्येक ग्रॅमामागें सुमारें ७ ग्रॅम चुनखडीएवढी अल्कता खर्च होते. म्हणजे खाद्य जितकें जास्त तितकी गळती जास्त. पाणी निवळावें म्हणून कित्येकजण तुरटी टाकतात, तीहि अल्कता खाते. आणि तिवरांच्या जागीं तळें खणलें असेल तर बांधावर टाकलेल्या काळ्या मातीवर नजर ठेवावी. तींत गंधक व लोह ह्यांचें खनिज असूं शकतें; उघड्यावर वाळलें कीं त्याचें गंधकाम्ल बनतें व पहिल्या पावसानें तळ्यांत उतरतें. बांधाच्या उतारावर तांबूस पिवळे डाग दिसले तर तेथें चुनखडी पसरावी. तिवरें तोडून नवें तळें करण्याचा विचारहि करूं नये. तो गुन्हा आहे. आणि किनाऱ्यावरील मत्स्यशेतीस २००५ च्या कायद्यान्वयें नोंदणी लागते. सातबारा स्वच्छ असला म्हणजे झालें असें समजणारे पुष्कळ भेटतात, म्हणून जुन्या संवयीनें येथें लिहून ठेवितों.

मीं पुढें काय केलें तें सांगतों. त्या पडत्या पिकांतच चुना बंद केला. खाण्याचा सोडा एकंदर १५० किलो, सहा संध्याकाळीं पंचवीस पंचवीस किलो, पिंपांत विरघळवून चक्रीच्या धारेंत सोडला. त्यानें अल्कता ६४ वरून ८८ झाली. मग पुनवेच्या उधाणास उघाडी काढून पांचवा हिस्सा पाणी खाडीचें घेतलें, तेव्हां ती ९३ वर गेली. खाडीचें पाणी आधीं मोजून घेतलें होतें. पावसाळ्यांत ओहोटीचें पाणी घेतलें तर तें नदीचें असतें, त्यांत कांहीं मिळत नाहीं. दुपारचा सामू ८.६ च्या वर जाईना, पहांटेचा ७.७ च्या खालीं येईना. उरलेली कोळंबी वांचली ती त्यामुळें.

हल्लीं दुपारचा सामू चढूं लागला तर मी आम्ल टाकीत नाहीं, कारण आम्ल अल्कता खातें. काकवी पाण्यांत कालवून थोडी थोडी देतों. जंतु ती खाऊन कर्बाम्ल वायु सोडतात व सामू खालीं येतो, शिल्लक तशीच राहते. मात्र त्या रात्रीं चक्री थांबवितां येत नाहीं, कारण तेच जंतु प्राणवायुहि खातात. वीज जाण्याची भीति असेल त्या दिवशीं काकवीला हात लावूं नये.

अल्कता मोजण्यास मोठें साहित्य लागत नाहीं. ठराविक पाण्यांत रंगाचे थेंब घालावयाचे व दुसऱ्या बाटलींतील आम्ल थेंबथेंब मोजीत सोडावयाचें. रंग पालटला कीं थेंबांच्या संख्येवरून आंकडा निघतो. आम्लाची बाटली उन्हांत किंवा उघडी राहूं देऊं नये, आणि तिच्यावरील मुदत पाहावी. माझी एक बाटली मुदत संपून चार महिने झालेली निघाली होती. सामू दिवसांतून दोनदां, पहांटे व दुपारीं तीनला, रोज त्याच जागीं मोजावा. अल्कता आठवड्यांतून एकदां पुरे, परंतु मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशीं. माझ्या वहींत आतां तारीख, पहांटेचा सामू, दुपारचा सामू आणि अल्कता असे चार रकाने आहेत. बांधावर येऊन सल्ला देणाऱ्यास मी प्रथम चौथा रकाना दाखवितों.